मुलांमधील सिस्टमुळे दबलेला मज्जातंतू

सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवीसारखी गाठ. ती मज्जातंतूशेजारी किंवा थेट त्याच्या आवरणात वाढली की तंतू दबतो आणि त्याच्यावर चालणारे स्नायू दुबळे पडतात. मुलांत हे क्वचित घडते, त्यामुळे ओळखायला उशीर होतो. गुडघ्यामागे मुलांना होणारी बेकर सिस्ट मात्र बहुधा आपोआप जिरते आणि सहसा तंतू दाबत नाही.

तंतूच्या आवरणात होणाऱ्या गाठीची नेहमीची जागा म्हणजे गुडघ्याची बाहेरची बाजू. तिथे फिब्युला हाडाचे डोके हाताला लागते. त्याच्या खालून वळसा घेत पेरोनियल तंतू कातडीलगत जातो. पाऊल वर उचलणारे स्नायू त्याच्यावर चालतात. तो दबला की पाऊल लोंबते, म्हणजेच फूट ड्रॉप होतो. लहान मूल ‘मुंग्या येतात’ असे सांगत नाही. आईच्या लक्षात येते ते वेगळेच: एकाच पायातली चप्पल निसटते, एकाच बुटाचे टोक झिजते, फरशीवर पाऊल फटकन आपटते, चाळीचा जिना चढताना तोच पाय अडखळतो. मग ‘नस चढली’ म्हणून तेल-मालिश सुरू होते. त्यात महिने निघून जातात आणि नडगीवरचा स्नायू सुकू लागतो.

मुंबईतल्या डॉक्टरांना इतर कारणेही तपासावी लागतात. कुल्ल्यावर दिलेले इंजेक्शन सायटिक तंतूला (कमरेतून पायात उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला) लागले असेल तर पाय सहसा लगेच लुळा पडतो. गाठीचा त्रास बहुधा हळूहळू वाढतो. कुष्ठरोगातही पेरोनियल तंतू गुडघ्यापाशी याच जागी जाड होतो, म्हणून अंगावर बधिर चट्टे शोधावेच लागतात. वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाची सुरुवात १८९० सालची. या शहराला तो आजार अनोळखी नाही. एक साधी तपासणी फार मोलाची: पाऊल आत वळवायची ताकद शाबूत असेल तर दोष गुडघ्यापाशी असण्याची शक्यता जास्त, तीही गेली असेल तर सायटिक तंतू आणि कमरेचा मणका पाहावा.

आधी सोनोग्राफी करावी, तिला भूल लागत नाही. एमआरआयमध्ये गाठीचा सांध्याकडे जाणारा देठ दिसतो, पण मूल स्थिर पडून राहावे म्हणून गुंगी द्यावी लागते. परळला आचार्य दोंदे मार्गावर वाडिया बालरुग्णालय (१९२९) आणि केईएम (१९२६) जवळजवळ आहेत. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर आणि न्यूरोसर्जन असे तिघेही लागतात, तेव्हा हे शेजारपण कामाचे आहे.

द्रव येतो कुठून, याचे उत्तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक रुग्णालयाचे रॉबर्ट स्पिनर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले: जवळच्या सांध्यातून, त्या सांध्याकडे जाणाऱ्या तंतूच्या बारीक फांदीतून. म्हणून नुसती सुई घालून द्रव काढला तर गाठ परत भरू शकते. शस्त्रक्रियेत ती फांदी बांधून कापतात आणि गाठीला छेद देऊन दाब उतरवतात. भिंत खरवडून काढण्याचा हट्ट धरू नये, निरोगी धागे तुटतात.

दाब उतरल्यावर तंतूचे इजा झालेले धागे दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. ते स्नायूंपर्यंत पोचेपर्यंत पायाला स्प्लिंट (आधाराची पट्टी) आणि रोजची फिजिओथेरपी हवी. पाऊल वर येऊ लागते आधी, अंगठा बराच मागाहून.