भरलेली परत येणारी बाटली

दुपारी साडेतीनला रिक्षाकाका हॉर्न वाजवतात, लेक दप्तर दारातच टाकते आणि माझा हात आधी तिच्या बाटलीकडे जातो. हलवून पाहिली की कळतं. सकाळी अर्धा लिटर पाणी भरून दिलेलं असतं, त्यातले जेमतेम चार घोट कमी झालेले असतात. डबा मात्र रिकामा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पहिली-दुसरीतल्या मुलांच्या आयांना विचारलं, तर बहुतेक घरी हेच. डब्यात काय द्यायचं यावर आम्ही रोज रात्री डोकं चालवतो, पाण्याचा विचार बाटली भरली की संपतो.

दुसरीतलं मूल साधारण २२ किलोचं असतं आणि त्या वजनातला निम्म्याहून बराच अधिक भाग पाणीच असतो. वजनाच्या एक टक्का पाणी कमी झालं, म्हणजे २२० मिलिलिटर. एक पेलाभर. मार्च-एप्रिलच्या पुण्यात पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या वर्गात बसून आणि पीटीच्या तासाला खो-खो खेळून एवढं पाणी सहज जातं. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असल्यामुळे बाहेरची उष्णता त्यांच्या अंगात लवकर शिरते. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झालं, तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या छोट्या भागाला ते समजतं. तो एकीकडे तहानेची जाणीव करून देतो आणि दुसरीकडे व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावतो. म्हणून कमी पाणी प्यायलेल्या मुलाची लघवी गडद पिवळी होते. आईबापांना घरबसल्या करता येण्यासारखी ही सगळ्यात सोपी तपासणी आहे.

याचा अभ्यासावर काही परिणाम होतो का? लंडनमधल्या संशोधकांनी २००९ साली ७ ते ९ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना चाचणीआधी जास्तीचं पाणी प्यायला दिलं. ओळीतली ठरावीक अक्षरं शोधून खोडणं, दोन चित्रांमधले फरक ओळखणं अशा लक्ष देऊन पाहण्याच्या कामांत ती मुलं सरस ठरली. प्रयोग लहान होता, मुलं साठच्याही आत होती. पाणी प्यायल्याने मार्क वाढतात असं त्यावरून कुणी म्हणू नये. पण फळ्यावरचं उतरवून घेताना ओळ सुटते, तेव्हा मुलाला ‘लक्ष कुठे आहे’ विचारण्याआधी ‘पाणी कधी प्यायलास’ हे विचारायला काय हरकत आहे?

मीही लेकीला विचारलं. तिने सरळ सांगितलं, “पाणी प्यायलं की शू लागते. आणि तिथल्या दाराला कडी नाहीये.”

तेव्हापासून हा सगळा विषय माझ्यासाठी बदलला. सात वर्षांची मुलगी बाटली विसरत नव्हती, ती हिशेब करून पाणी टाळत होती. आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिचा हिशेब बरोबरच होता. मुलांच्या मूत्राशयाची क्षमता काढायला डॉक्टर एक साधं गणित वापरतात: वयात दोन मिळवायचे आणि ३० ने गुणायचं. सात वर्षांच्या मुलाला २७० मिलिलिटर येतात. म्हणजे अर्धा लिटर पाणी संपवलं, तर शाळेच्या वेळेत एकदा तरी जावंच लागणार. जायची जागा ओली, अंधारी, बिनकडीची असेल किंवा वर्गात “आत्ताच तर सुट्टी झाली” असं उत्तर मिळत असेल, तर मूल यातला एकच आकडा आपल्या हाताने कमी करू शकतं, तो पिण्याच्या पाण्याचा.

लघवी तासन् तास अडवून ठेवली की मूत्राशयात जंतू वाढायला सवड मिळते. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे जंतू आत पोचायला अंतरही थोडंच असतं. पाणी कमी पडलं की मोठं आतडं मलातलं पाणी अधिकच शोषून घेतं, मल कडक होतो, साचतो आणि शेजारच्या मूत्राशयावर दाबतो. मग कपड्यात थेंब थेंब गळतं आणि त्यावरून मूल बोलणी खातं. बद्धकोष्ठ आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्ग ही जोडी बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीची आहे.

केरळमधल्या शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली आणि पुढे इतर राज्यांनीही ती उचलली. सगळी मुलं एकाच वेळी बाटली तोंडाला लावतात, त्यामुळे कुणाला परवानगी मागावी लागत नाही. मला ही कल्पना मनापासून आवडते. फक्त त्या घंटेनंतर तासाभराने मुलांना बाहेर सोडायची तयारीही हवी.

दुसरी अडचण वजनाची. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो असावं. एक लिटर पाणी भरलं की त्यातला एक किलो तिथेच गेला. म्हणून छोटी बाटली द्यावी आणि शाळेत ती पुन्हा भरावी, हेच शहाणपणाचं. पण पुण्यात हे बोलताना २०२५ चा जानेवारी आठवतो. सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे सिंड्रोमचे, म्हणजे हातापायांतलं बळ जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण अचानक वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारा जिवाणू सापडला. त्याच्याशी लढायला उभी राहिलेली आपली प्रतिकारशक्ती कधी कधी आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. त्या दिवसांत घरोघरी पाणी उकळलं जात होतं. खळखळून एक मिनिट उकळी आली की हा जिवाणू मरतो. शाळेची टाकी शेवटची कधी धुतली, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

घरच्या पाण्याविषयीही एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो, वाटेत जंतू शिरले तर मरावेत म्हणून. आपल्या फिल्टरमधला कोळसा तो काढून टाकतो. पाणी चवीला छान लागतं, पण बाटलीत गेल्यावर त्याला राखण उरत नाही. मूल तोंड लावून पितं, लाळेतले जिवाणू आत जातात आणि झाकणाच्या रबरी रिंगमध्ये, स्ट्रॉच्या आत बुळबुळीत थर धरतात. नुसतं विसळून हा थर निघत नाही. रिंग काढून, साबण लावून, ब्रशने घासावं लागतं आणि रात्रभर बाटली उपडी ठेवून पूर्ण वाळवावी लागते. जितके कमी सुटे भाग, तितकी बाटली चांगली. तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत किंवा ताक देऊ नये, आंबटाने तांबं विरघळतं.

आता खाऊकडे येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, पाचेक वर्षांच्या मुलाचं शरीर विश्रांतीत जितकी ऊर्जा वापरतं, त्यातली जवळपास ६६ टक्के एकटा मेंदू वापरतो. शाळेत छोटी सुट्टी का हवी, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. फुटाणे, शेंगदाणे, थालीपीठ, मटकीची उसळ आणि पोळी यांचं पचन सावकाश होतं, त्यामुळे ऊर्जा टिकून मिळते. काकडीत तर ९५ टक्के पाणीच असतं.

पण माझी खरी काळजी दातांची आहे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते, त्यामुळे अनेक घरांत ती दुधाचीच समजली जाते. तिच्या खाचा खोल असतात, वरचं कवच अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, आणि नेमकी याच वयात बिस्किटं आणि वेफर्स डब्यात येतात. चिकट पीठ आणि साखर खाचेत बसते, जिवाणू त्याचं आम्ल करतात. तोंडातला सामू (pH, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) ५.५ च्या खाली गेला की कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळ हे आम्ल निवळवते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून किती खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं हेही महत्त्वाचं ठरतं. सरबताची बाटली दर तासाला एक घोट अशी पुरवली, तर दातांना दिवसभर उसंतच मिळत नाही. आणि पाणी कमी प्यायलेल्या मुलाच्या तोंडात लाळही कमीच असते. बाटलीत साधं पाणी हवं ते यासाठी. खाऊ संपल्यावर त्यातल्याच एका घोटाने चूळ भरायची सवय बाईंनी वर्गाला लावली, तर डब्यातल्या अर्ध्या चुका धुऊन निघतील.

जुलैतल्या पालकसभेत बराच वेळ डब्यात मॅगी चालेल का यावर चर्चा झाली. माझी पाळी आली तेव्हा मी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या कडीबद्दल विचारलं. आधी थोडी शांतता पसरली, मग आणखी चौघींनी हात वर केले. त्यातल्या दोघींच्या मुलींना लघवीचा संसर्ग होऊन गेला होता. दहा दिवसांनी तीन दारांना कड्या बसल्या, सात वर्षांच्या हाताला पोचतील अशा उंचीवर. त्या आठवड्यात बाटली हलवून पाहिली, तर तळाशी एखादा पेला पाणी उरलेलं होतं.