धूर ऑइलचा की कार्ब्युरेटरचा?

"ग्रासकटर धूर मारतोय, ऑइल कमी करू का?" पावसाळ्यात तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत गवत माजलं की हा प्रश्न हमखास कानावर येतो. उत्तर बहुतेक वेळा 'नको' असंच असतं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं वंगण) किती, ही एक गोष्ट. त्या पेट्रोलला कार्ब्युरेटर हवा किती देतो, ही दुसरी. दोन्हींपैकी काहीही बिघडलं तरी धूर होतो, प्लग काळा पडतो, म्हणून गल्लत होते.

ऑइलचं माप सोपं आहे. कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या पेटीत, ऑइल भरलेलं नसतं. बेअरिंग, पिस्टन, सिलिंडर, सगळ्यांना वंगण पेट्रोलबरोबरच पोचतं. आरएक्स १०० मोटरसायकलला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप होता, कटरमध्ये ते आपल्यालाच मिसळावं लागतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलंय तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४०. बुचाने अंदाजे ओतायचं नाही, आणि ठरलेलं माप पुन्हा बदलायचंही नाही.

कार्ब्युरेटरचं तसं नाही, तो जागेनुसार बदल मागतो. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर हवा विरळ, त्यामुळे सांगलीत नीट बसवलेलं मशीन तिथे रिच चालतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं: गुदमरतं, प्लगवर कोरडी काजळी धरतं. ऑइल कमी करून इथे काहीच साधत नाही. कटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) किंचित आत घ्यायचा, आणि घाट उतरल्यावर आठवणीने पुन्हा बाहेर. (मोटरसायकलचा एअर स्क्रू उलटा: बाहेर काढला की हवा वाढते. यात भलेभले फसतात.)

खरी मेख पुढे आहे. ऑइल वाढवलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) जाणारं पेट्रोल तेवढं घटतं. ५०:१ चं २५:१ केलं तर सुमारे दोन टक्के. म्हणजे इंजिन किंचित लीन होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. फरक छोटा, पण दिशा बहुतेकांना वाटते त्याच्या उलटी. आणि स्क्रू कसून पेट्रोल कमी केलं तर सोबतचं ऑइलही घटतं. इंजिन जास्त तापतं नेमकं तेव्हाच वंगण कमी पडतं. त्यात धुराला घाबरून टाकीतलं ऑइलही कमी केलेलं असेल, तर पिस्टन जाम होणारच. सिलिंडरचा खर्च धरून ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं (ऊस आपलाच म्हणा), त्यातल्या ऑक्सिजनमुळे जुनं सेटिंग आणखी लीन पडतं.

मग धूर कसा ओळखायचा? निळसर धूर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी ओला चिकटा दिसला तर ऑइलचं माप तपासा. मशीन गार असताना मात्र थोडा धूर चालतो. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर साफ करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. प्लग पांढराफटक आणि रेस सोडल्यावरही आवाज लगेच खाली येत नसेल, तर मशीन ताबडतोब बंद करा: पेट्रोल कमी पडतंय, किंवा एखाद्या पॅकिंगमधून हवा ओढली जातेय.

स्क्रू लावताना कान उपयोगी पडतो. गवत नसताना पूर्ण रेसला आवाज थोडा फुटका यावा आणि पातं गवतात शिरलं की साफ व्हावा. मोकळ्यावरच स्वच्छ किंचाळत असेल, तर एच स्क्रू जरासा बाहेर घ्या.