दुर्बिणीतून दिसलं, तरी तुकडा कशासाठी?

‘तुकडा तपासायला पाठवलाय’ हे एन्डोस्कोपीनंतर, म्हणजे पोटात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीनंतर, ऐकलं की घरच्यांचे चेहरे उतरतात. बायोप्सी (असा तुकडा काढून तपासणं) म्हणजे कॅन्सरचाच संशय, असं आपल्याकडे धरूनच चालतात. या तुकड्याचा इतिहास मात्र त्याहून मोठा आहे, आणि तो रुग्णांपर्यंत पोचायला हवा.

१८६८ मध्ये जर्मन डॉक्टर आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या जठरात सरळ नळी उतरवली. पुढे कित्येक वर्षं धडपड चालली ती आतलं नीट दिसावं म्हणून. मेलबर्नच्या इयन वूड यांनी १९४९ मध्ये लवचीक नळीने अस्तराचा कण शोषून घेण्याची पद्धत आणली, पण तो कण अंदाजानेच यायचा. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण आधी स्वतः गिळून पाहिली. पुढच्या दशकात दुर्बिणीतच चिमट्याला वाट मिळाली आणि हव्या त्या जागेचा तुकडा बघून घेता येऊ लागला.

त्याचं खरं मोल कळलं ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे डॉक्टर, रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यात वाकडे जिवाणू दिसले. इतक्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, असं तेव्हा सगळे मानत. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी शंभर रुग्णांचे तुकडे अभ्यासले. कल्चरच्या, म्हणजे जिवाणू वाढवून बघायच्या, बश्या दोन दिवसांत काही उगवलं नाही तर टाकून देत. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या पाच दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू उगवले! १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जिवाणू प्यायले. त्यांच्या जठराच्या तुकड्यात दाह दिसला. तिखट आणि ताण यांच्या माथी मारलेला अल्सर बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या याच जिवाणूमुळे होतो, हे असं उलगडलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

डोळ्यांना जे दिसत नाही, त्यासाठी तुकडा लागतो. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये (फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा मोठ्या आतड्याचा दाह) तर मोठं आतडं अगदी निरोगी दिसतं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा आजार (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) यांचे व्रण हुबेहूब सारखे दिसू शकतात. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली आणि निघाला क्षय, तर तो भडकतो. म्हणूनच अशा वेळी एकाऐवजी अनेक तुकडे घेतात: काही फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात पॅथॉलॉजिस्टकडे, काही सलाईनमध्ये क्षयाच्या कल्चरसाठी.