सार्वजनिक कार्यक्रमासाठी सैन्याधिकाऱ्यांना निमंत्रण : पात्रता, कागदपत्रे आणि संबोधन

कारगिल विजय दिवस (२६ जुलै) किंवा सशस्त्र सेना ध्वजदिन (७ डिसेंबर) जवळ आला की ठाण्यातील संस्था, शाळा आणि गृहसंकुले लोकप्रतिनिधींबरोबर सैन्याधिकाऱ्यांनाही व्यासपीठावर बोलावतात.

पात्रता. लष्कराच्या १९५४ च्या नियमावलीतील नियम २० नुसार सेवेतील व्यक्तीला राजकीय हेतूने भरवलेल्या सभेस उपस्थितही राहता येत नाही. त्यामुळे निमंत्रक बिगर-राजकीय संस्था असावी आणि मंत्री, खासदार किंवा आमदार प्रमुख पाहुणे असले तरी फलकावर पक्षाचे नाव वा चिन्ह नसावे. सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये पक्षांना बजावले आहे. ही मर्यादा आयोजकांनी निवडणूक नसतानाही पाळावी, असे मला मनापासून वाटते.

अर्ज आणि कागदपत्रे. अधिकाऱ्याला वरिष्ठांची परवानगी लागत असल्याने केवळ ओळखीतून दिलेले तोंडी निमंत्रण पुरत नाही. विनंतीपत्र संबंधित युनिटच्या किंवा मुख्यालयाच्या प्रमुखांना उद्देशून संस्थेच्या लेटरहेडवर लिहावे. माजी सैनिक आणि वीरपत्नी यांना बोलवायचे असल्यास ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधावा. पत्रासोबत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, कार्यक्रमाची रूपरेषा, सभागृहाच्या आरक्षणाची पावती, व्यासपीठावरील सर्व पाहुण्यांची यादी आणि निमंत्रणपत्रिकेचा कच्चा मसुदा जोडावा. यांतील पाहुण्यांची यादी सर्वांत महत्त्वाची, कारण कार्यक्रम राजकीय आहे की नाही, हे तिच्यावरूनच ओळखता येते.

संबोधन. पत्रिकेत हुद्दा नावाआधी आणि ‘निवृत्त’ हा शब्द नावानंतर कंसात छापावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ ने किताब बंद केले, तरी लष्करी सन्मान त्यातून वगळले आहेत; म्हणून निवृत्तीनंतरही हुद्दा लावणे योग्यच आहे. बोलताना लेफ्टनंट कर्नलना ‘कर्नल साहेब’ आणि मेजर जनरलना ‘जनरल साहेब’ म्हणतात. नौदलाचा तळ मुंबईत असल्याने आपल्याकडे एक चूक वारंवार होते : नौदलातील कॅप्टन हे लष्करातील कर्नलच्या बरोबरीचे असतात, लष्करी कॅप्टनच्या नव्हे. सुभेदारांना ‘सुभेदार साहेब’ म्हणावे. लोकप्रतिनिधींच्या नावाआधी ‘मा.’ पुरेसे असून, अधिकारी त्यांना ‘सर’, ‘मॅडम’ किंवा ‘मंत्रिमहोदय’ म्हणतात.

आसनक्रम. केंद्राच्या अग्रक्रम सारणीत (पदांच्या मानक्रमाच्या अधिकृत यादीत) तिन्ही सेनाप्रमुख १२ व्या, खासदार २१ व्या आणि लेफ्टनंट जनरल २४ व्या स्थानी आहेत. ही सारणी समारंभांपुरतीच असते. स्थानिक क्रमाबाबत शंका असल्यास जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे. वीरमाता आणि वीरपत्नी यांचा क्रम कोणत्याही सारणीत शोधू नये. त्यांना पहिल्या रांगेत बसवावे आणि त्यांचा सत्कार भाषणांआधी करावा. गणवेशातील अधिकाऱ्याला फेटा बांधायचा किंवा शाल घालायची असल्यास त्यांच्या कार्यालयाला आधी विचारावे आणि त्यांचे उत्तर आल्यावरच पत्रिका छापायला द्यावी.