संत्र्याची साल कोलेस्टेरॉल धुऊन काढत नाही

मृग बहाराची संत्री आली की नागपुरात गच्चीवर साली वाळत पडतात, आणि त्यांची पूड कोमट पाण्यातून घेतल्यास रक्तवाहिन्यांत साचलेले कोलेस्टेरॉल धुऊन निघते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. सालीच्या आतल्या पांढऱ्या, कडवट भागात हेस्पेरिडिन हे पॉलिफेनॉल (वनस्पतींत आढळणारे एक प्रकारचे संयुग) भरपूर असते; पण धमनीच्या अस्तराखाली साठलेला थर ते साबणासारखे विरघळवत नाही.

खरी घडामोड यकृताच्या पेशीत होते. पेशीतले कोलेस्टेरॉल घटले की एसआरईबीपी-२ या प्रथिनाचा कार्यकारी भाग केंद्रकात शिरतो आणि एलडीएल-ग्राहकाचे, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण पकडणाऱ्या प्रथिनाचे, जनुक कार्यान्वित करतो. मग पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहक वाढतात व रक्तातले एलडीएलचे कण आत ओढले जातात. हे ग्राहक शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले.

हेस्पेरिडिनपासून बनणारे हेस्पेरिटिन प्रयोगशाळेतल्या यकृतपेशींवर टाकल्यावर हे ग्राहक वाढलेले दिसले आहेत, हे मान्यच केले पाहिजे. मात्र तेवढी मात्रा रक्तात पोहोचत नाही, कारण हेस्पेरिडिनमधली साखर मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी तोडल्यावरच त्याचा थोडा अंश शोषला जातो, आणि तोही शरीर लगेच बदलून टाकते. माणसांवरील चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत.

संत्रे जरूर खावे. मला खरी काळजी वाटते ती डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी बंद करून या पुडीवर विसंबणाऱ्यांची, कारण ती गोळी हेच ग्राहक वाढवते, आणि तिचा परिणाम हजारो रुग्णांमध्ये मोजला गेला आहे.