नवीन बुबुळ बसवलं तरी ते परत गढूळ का होतं?

"स्टेम सेलचं एक इंजेक्शन घ्या, गेलेली दृष्टी परत" हा मेसेज परत व्हॉट्सॲपवर फिरतोय. कुठल्या स्टेम सेल, डोळ्यात नेमक्या कुठे, कशाचाच पत्ता नाही.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम घ्या. सल्फाची गोळी किंवा फिट्सवरचं कार्बामाझेपिन, अशा एखाद्या औषधाची भयंकर रिॲक्शन येते आणि अंगावरची कातडी, तोंडातलं नि डोळ्यातलं अस्तर सोलून निघतं. माणूस वाचतो पण डोळे हळूहळू जातात. मग नातेवाईक विचारतात, नेत्रदानातलं बुबुळ बसवा की. बसवलं तरी बऱ्याचदा काही महिन्यांत ते गढूळ होतं.

खरी गंमत इथे आहे. कॉर्नियाच्या, म्हणजे ज्याला आपण बुबुळ म्हणतोय त्या डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, वरचा पातळ थर सतत झिजत असतो, साधारण आठवड्या-दीड आठवड्यात नवा होतो, आणि या नव्या पेशी बनवणाऱ्या स्टेम सेलचा साठा असतो कडेला, काळं आणि पांढरं जिथे भेटतं त्या शिवेवर, तिला लिंबस म्हणतात. थॉफ्ट आणि फ्रेंड या संशोधकांनी 1983 मध्ये हे सोप्या गणितात मांडलं: खालून वर येणाऱ्या पेशी अधिक कडेने आत सरकणाऱ्या पेशी बरोबर झिजून गळणाऱ्या पेशी. हीच शीव शेताच्या बांधासारखी पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या पण अडवते. सूजेने लिंबस जळाला की बांध फुटला, रक्तवाहिन्या आत घुसतात. नेत्रदानातली चकती कॉर्नियाच्या मधली असते, तिला लिंबसच नसतो, मग पेशी आणणार कुठून?

चुना उडून एकच डोळा गेला असेल तर सोपं आहे, चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण दुसऱ्यावर चिकटवतात, ही पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2012 मध्ये मांडली. पण स्टीव्हन्स-जॉन्सनमध्ये दोन्ही डोळे गेलेत! त्यावर जपानमध्ये निशिदा या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या टीमने 2004 मध्ये गालाच्या आतल्या पेशी वाढवून त्यांचा पापुद्रा डोळ्यावर लावला. ज्या बशीत तो वाढवतात तिच्यावरचं पॉलिमर 37 अंशांना पेशी धरून ठेवतं, थंड केलं की पाणी शोषून फुगतं आणि अख्खा पापुद्रा सुटतो, टाकेसुद्धा घालावे लागत नाहीत. मला तर हे वाचून कमालच वाटली.

आणि त्या इंजेक्शनवाल्यांचं म्हणाल, तर फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यात टोचल्यावर तीन बायकांची दृष्टी जवळपास गेली, 2017 मध्ये त्याचा रिपोर्ट छापून आलाय.

गालाचा पापुद्रा पण सुजलेल्या, कोरड्या डोळ्यात टिकत नाही. या आजारात पापणीची आतली कड खरखरीत होते, प्रत्येक उघडझापीला सँडपेपरसारखी घासते. म्हणून आधी ओठाच्या आतलं अस्तर काढून त्या कडेला लावतात, सूज उतरवतात, अश्रूंची सोय बघतात, आणि मग स्टेम सेलचा नंबर लागतो.