विद्यार्थी उपग्रहांवरील हॅम रेडिओ

विद्यापीठांतले विद्यार्थी जे छोटे उपग्रह बांधतात, त्यांवर परवानाधारक हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅम मंडळींना, ऐकता किंवा वापरता येईल अशी यंत्रणा बसवण्याची प्रथा अर्धशतकाहून जुनी आहे. या यंत्रणेचे ढोबळ प्रकार तीन. बीकन ठरावीक अंतराने उपग्रहाचे नाव आणि बॅटरीचा व्होल्टेज, तापमान वगैरे माहिती मोर्स किंवा डेटा पॅकेटच्या रूपात पाठवत राहतो. ट्रान्सपाँडर एका बँडवरचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एका पट्ट्यातला, संदेश उचलून त्याच क्षणी दुसऱ्या बँडवर खाली पाठवतो. तिसऱ्या प्रकारात संदेश उपग्रहाच्या मेमरीत साठतो आणि उपग्रह दुसऱ्या प्रदेशावर पोहोचला की तिथे उतरवून घेता येतो.

यामागचा व्यवहार सरळ देवाणघेवाणीचा आहे. बहुतेक विद्यार्थी उपग्रह 144 ते 146 आणि 435 ते 438 मेगाहर्ट्झ हे हौशी बँड वापरतात, कारण त्यांची उपकरणे स्वस्त आणि सहज मिळणारी असतात. दुसरा फायदा याहून मोठा. कमी उंचीवरचा उपग्रह एका फेरीत एका ठिकाणाहून जेमतेम दहा-बारा मिनिटे दिसतो, आणि अशा फेऱ्या दिवसाकाठी मोजक्याच. उरलेला सगळा वेळ तो दुसऱ्यांच्या डोक्यावर असतो. तिथले हॅम सिग्नल टिपून मूळ विद्यापीठाला पाठवतात, तेही फुकट. बदल्यात अटी आहेत: व्यापारी वापर नको, उपग्रहाला द्यायच्या आज्ञा सोडल्या तर संदेश सांकेतिक लिपीत दडवायचे नाहीत, आणि टेलिमेट्री, म्हणजे उपग्रहाने पाठवलेली स्वतःच्या स्थितीची माहिती, कशी वाचायची ते सर्वांना खुले करायचे. फ्रिक्वेन्सीचा समन्वय आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ पाहतो. क्यूबसॅट या घनाकार छोट्या उपग्रहांची गर्दी झाल्यावर काही विद्यापीठांनी बँड घेतले आणि हॅमना मात्र बीकनपलीकडे काही दिले नाही. ही तक्रार जुनी आहे आणि ती रास्तही आहे.

पहिले ठळक उदाहरण मेलबर्न विद्यापीठाचे. तिथल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ऑस्ट्रेलिस-ऑस्कर 5 हा उपग्रह 23 जानेवारी 1970 रोजी अमेरिकेतून सुटला. त्याचे अँटेना सुताराच्या मेझरिंग टेपच्या पोलादी पट्टीचे होते. पट्टी दुमडून ठेवायची, कक्षेत सुटली की ती आपोआप सरळ होते. ही युक्ती आजही अनेक क्यूबसॅटवर दिसते. सौरघट नव्हते, सगळी भिस्त बॅटरीवर. ती पुरवून वापरता यावी म्हणून 29 मेगाहर्ट्झचा प्रेषक जमिनीवरून चालू-बंद करण्याची सोय होती, आणि हौशी उपग्रहांत हा प्रयोग पहिलाच. पुढे इंग्लंडच्या सरे विद्यापीठाने 1981 मध्ये यूओसॅट-1 सोडला आणि त्याच गटातून 1985 मध्ये उपग्रह बांधणारी कंपनी उभी राहिली. एक छंद कुठवर जातो याचा हा नमुना.

1999 मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅल पॉली या विद्यापीठांतून दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे क्यूबसॅट मानक आले आणि किलोभर वजनाचा उपग्रह महाविद्यालयाच्या आवाक्यात आला. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठाचा डेल्फी-सी3 हा तीन घनांचा उपग्रह 28 एप्रिल 2008 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी9 वरून गेला. त्यात बॅटरीच नव्हती. ऊन पडले की तो बोलायचा, पृथ्वीच्या सावलीत शिरला की गप्प. टेलिमेट्री जगभरातल्या हॅमनी गोळा केली, आणि त्यांच्यासाठी एक ट्रान्सपाँडरही त्यावर होता. बॅटरीविना हा उपग्रह नोव्हेंबर 2023 मध्ये वातावरणात जळेपर्यंत पंधरा वर्षे कक्षेत राहिला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा उपग्रह म्हणजे पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’. विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी वर्षानुवर्षे खपून तो पुरा केला. 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34 ने जे वीस उपग्रह नेले त्यांत 727.5 किलोचा कार्टोसॅट-2 मालिकेतला उपग्रह होता आणि एक किलोहून किंचित हलका स्वयम्‌ही. त्याचे मुख्य काम विज्ञानप्रयोगाचे नव्हते, तर हॅमचे संदेश साठवून पोहोचवण्याचे. हॅम पेलोड (पेलोड म्हणजे उपग्रहावरची कामाची यंत्रणा) हाच मुख्य पेलोड असणे विद्यार्थी उपग्रहांत कमीच आढळते, म्हणून स्वयम्‌ची नोंद वेगळी घ्यावी लागते.

त्याची दुसरी खासियत दिशा राखण्याची. अँटेना जमिनीकडे नीट वळलेला नसेल तर संदेशवहन फसते. मोठे उपग्रह त्यासाठी फिरती चाके किंवा विजेची वेटोळी वापरतात. स्वयम्‌मध्ये फक्त कायमचुंबक आणि हिस्टेरेसिस पट्ट्या होत्या. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषेला धरून राहतो आणि पट्ट्या उपग्रहाचे हेलकावे हळूहळू जिरवतात. वीज लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, म्हणून बिघडण्यासारखेही फारसे काही नाही.

त्याच वर्षी 26 सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. त्याचे काम आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन मोजण्याचे. रेडिओलहर आयनांबरातून येताना तिची ध्रुवणदिशा, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, वळते, आणि किती वळली यावरून वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब लागतो. इथे सिग्नल हेच मोजमापाचे साधन असल्याने ऐकणारी केंद्रे जितकी जास्त तितका नकाशा दाट होतो.

ऐकणाऱ्याला डॉप्लर परिणामाशी, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीशी, झगडावे लागते. 437 मेगाहर्ट्झवरचा सिग्नल उपग्रह उगवताना सुमारे दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि मावळताना तेवढाच खाली. एका हाताने अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने डायल, असे ते दहा मिनिटांचे काम. आता संगणक ते करतो.

हौशी सहभागाची झेप चंद्रापर्यंत गेली ती चीनच्या हार्बिन तंत्रविद्यापीठामुळे. तिथे तयार झालेला लाँगजियांग-2 हा लघुउपग्रह 2018 मध्ये चंद्राच्या कक्षेत पोहोचला. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याने चंद्राची पलीकडची बाजू आणि मागे पृथ्वी असे छायाचित्र टिपले. ते काढण्याची आज्ञा जर्मनीतल्या एका हॅमच्या केंद्रातून गेली आणि छायाचित्र नेदरलँड्समधल्या ड्विंगलूच्या 25 मीटर व्यासाच्या जुन्या दुर्बिणीने उतरवून घेतले. दुर्बीण चालवणारेही हौशीच.

भारतात अलीकडे वेगळा उपग्रह न बांधताही पेलोड पाठवता येतो. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच प्रयोगांसाठी वापरतात, त्याला पोएम म्हणतात. मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा बिलीफसॅट-0 हा हॅम पेलोड 1 जानेवारी 2024 रोजी पीएसएलव्ही-सी58 च्या याच टप्प्यावरून गेला. सौरपट्ट्या आणि दिशानियंत्रण टप्प्याचेच असल्याने महाविद्यालयाला फक्त रेडिओ सांभाळावा लागतो. मात्र मुदत टप्प्याच्या आयुष्याला बांधलेली असते, आणि हा टप्पा 21 मार्च 2024 रोजी उत्तर प्रशांत महासागरावर वातावरणात शिरला.